टीव्हीवरचं यान, खरं यान आणि मधे लागणारं सोलापूर

शनिवारची_शाळा

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, सवडीने वाचा.

मी सोलापुरातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जी मुलं थांबतील त्यांना प्रोजेक्टरवर अंतराळावरच्या एखाद्या सिरीयलचा एक एपिसोड दाखवते आणि मग त्यावर गप्पा मारतो, यातलं खरं काय, आत्ता जमण्यासारखं काय, कधीच जमणार नाही असं काय. परवा पालकसभेत एका मुलीचे वडील म्हणाले, मॅडम, सिरीयली बघून कुणी शास्त्रज्ञ होतंय होय, त्यापेक्षा स्कॉलरशिपचे पेपर सोडवून घ्या की. रागाने नाही बोलले, काळजीने बोलले. यंत्रमागावर दिवसदिवस उभं राहून पोरीला शिकवणारा माणूस आहे, त्याला नीट उत्तर मिळायलाच पाहिजे. म्हणून इथे मांडते, तुम्ही भर घाला.

माझं पहिलं उदाहरण निशेल निकल्स. ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत स्टार ट्रेक सुरू झाली, त्यात ही बाई यानावरची संपर्क अधिकारी उहुरा. तेव्हा तिकडे टीव्हीवर काळ्या बायकांना बहुतेक मोलकरणीचीच कामं मिळायची आणि इथे ती थेट अधिकारी, खुर्चीत बसून यान चालवण्यात वाटा उचलणारी. पहिल्या सीझननंतर ती सोडायला निघाली होती तर मार्टिन ल्यूथर किंग तिला म्हणाले की सोडू नकोस, हे तिने स्वतः कितीदा सांगितलंय. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. सिरीयल १९६९ ला बंद पडली, आणि १९७७ मध्ये नासाने तिलाच कामाला लावलं, की बाई, आमच्याकडे अंतराळवीर व्हायला बायका आणि गोऱ्यांव्यतिरिक्तची माणसं अर्जच करत नाहीत, तू जा आणि बोलव त्यांना. ती गावोगाव फिरली, कॉलेजांमध्ये बोलली, टीव्हीवर आवाहन केलं. त्या भरतीला ८,००० च्या वर अर्ज आले, १९७८ ला ३५ जण निवडले, त्यात ६ बायका. अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन बाई सॅली राइड त्यातलीच, पहिला काळा अमेरिकन गायन ब्लूफर्ड त्यातलाच.

आणि शिकागोत लहानपणी उहुराला बघत मोठी झालेली मे जेमिसन, ती १९८७ ला नासात निवडली गेली आणि सप्टेंबर १९९२ मध्ये एंडेव्हर यानातून अंतराळात जाणारी पहिली काळी बाई ठरली. वरून आपली कामाची शिफ्ट सुरू करताना ती उहुराचंच वाक्य म्हणायची. नंतर स्टार ट्रेकच्या पुढच्या सिरीयलमध्ये तिने छोटं काम पण केलं, म्हणजे टीव्हीवरून यानात आणि यानातून परत टीव्हीवर.

त्या वडिलांना मला एवढंच सांगायचंय की सिरीयल बघून कुणाला गणित येत नाही, गणित करावंच लागतं. पण आपण त्या खुर्चीत बसू शकतो हे आधी डोळ्याला दिसावं लागतं, मग माणूस गणिताकडे वळतो. तुम्हाला काय वाटतं?


बार्शी_लाइट

मस्त धागा मॅडम. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायची, इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही पण ते दार आपोआप सरकलेलं बघायला आख्खी गल्ली एका घरात. मुंग्या आल्या की एकजण गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा आणि खालून आम्ही ओरडायचो, आलं आलं, गेलं. मग आपली स्पेस सिटी सिग्मा आली, इंद्रधनुष आली, पुढे १९९८ ला कॅप्टन व्योम. यान थर्माकोलचं आहे हे कळायचं, तरी फरक पडायचा नाही. त्यानंतर मात्र आपल्याकडे त्या तोडीचं काही झालंच नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, चंद्रावर उतरलेल्या देशात पोरांना बघायला आपली एक धड अंतराळाची सिरीयल नाही.


जुळे_सोलापूरकर

विषय आवडीचा आहे म्हणून थोडा विरोधात लिहितो, मॅडम राग मानू नका. या विषयावर नेटवर जे फिरतं त्यातलं निम्मं पारखून घ्यायला लागतं. उदा. मोबाईलचा शोध म्हणे स्टार ट्रेकमधल्या कम्युनिकेटरवरून, म्हणजे हातात धरून बोलायच्या यंत्रावरून लागला. ज्यांनी १९७३ ला पहिला हातातला मोबाईल बनवला त्या मार्टिन कूपर यांनी नंतर स्वतः सांगितलं की डोक्यात होता तो डिक ट्रेसी या चित्रकथेतला मनगटावरचा रेडिओ. दुसरं, सिरीयलमधल्या स्पॉक या पात्राचा ग्रह सापडला म्हणून २०१८ ला मोठ्या बातम्या आल्या, ४० एरिडानी नावाच्या ताऱ्याभोवती. २०२४ च्या अभ्यासात निघालं की तो ग्रह नव्हताच, ताऱ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागावरच्या हालचालींमुळे तसा सिग्नल दिसत होता.

आणि तिसरं, आयन इंजिन, म्हणजे विजेच्या जोरावर चालणारं यानाचं इंजिन. सगळे म्हणतात स्टार ट्रेकने १९६८ च्या एपिसोडमध्ये दाखवलं आणि नासाने पुढे बनवलं. अहो, नासाने सर्ट-१ नावाच्या चाचणीत आयन इंजिन अंतराळात चालवलं ते जुलै १९६४ मध्ये, सिरीयल सुरू व्हायच्या आधी दोन वर्षं! कल्पना तर त्याच्याही आधीची, गोडार्ड आणि त्सिओलकोव्हस्की या सुरुवातीच्या रॉकेटशास्त्रज्ञांच्या काळातली. म्हणजे शोध लॅबमधून सिरीयलमध्ये गेला, उलटा नाही. पोरांना सांगताना हे उलटसुलट झालं तर लॅबमध्ये राबलेल्या माणसांवर अन्याय होतो.


शनिवारची_शाळा

राग कसला, असंच पाहिजे होतं मला. सर्ट-१ चं मी मुलांना सांगणारच, आणि ग्रहाचं तर नक्कीच, कारण जाहीर झालेली गोष्ट पुन्हा तपासून मागे घेतात हे पुस्तकात कुठे शिकवत नाहीत.

पण आयन इंजिनाची पुढची गोष्ट पण बघा. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतले मार्क रेमन सांगतात की आयन इंजिन हे नाव त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते त्याच १९६८ च्या एपिसोडमध्ये. पुढे १९९८ ला डीप स्पेस-१ उडालं, आयन इंजिनाच्या जोरावर मोहीम करणारं पहिलं यान, आणि रेमन त्या मोहिमेत होते. मग डॉन यानाचे ते चीफ इंजिनियर. म्हणजे लॅबमधून सिरीयलमध्ये, सिरीयलमधून एका पोराच्या कानात, आणि तो पोरगा मोठा होऊन परत लॅबमध्ये. तुमचं बरोबरच आहे की शोध सिरीयलने लावला नाही, पण निरोप पोचवला की नाही?


पूर्वभागकर

आयन इंजिनवर थोडं माझं, हा माझा आवडीचा विषय हाय. आपण दिवाळीला बघतो तसं धूर-जाळ यात काहीच नाही. झेनॉन वायूच्या अणूतले इलेक्ट्रॉन काढले की उरतो तो आयन, विजेच्या जोरावर तो मागं फेकायचा, वीज सौर पॅनेलवरून. ढकलण्याची ताकद इतकी कमी की डॉन यानाला शून्यावरून ताशी ९६ किमी वेग गाठायला ४ दिवस लागायचे. पण ते थांबतच नाही ना! डीप स्पेस-१ चं इंजिन १६,००० तासांच्या वर चाललं. डॉन २००७ ला निघालं, २०११ ला व्हेस्टा, तिथनं उठून २०१५ ला सेरेस, लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या या दोन वेगवेगळ्या गोलांना घिरट्या घालणारं ते एकच यान, रासायनिक इंधनावर ते त्यांना परवडलंच नसतं. आणि आपल्या इस्रोने मे २०१७ ला सोडलेल्या जीसॅट-९ उपग्रहामध्ये पण झेनॉनवाली विजेची प्रणाली होती, हे आपल्याकडं लई जणांना माहीतच नाही.

मॅडम, त्या पोरीच्या वडिलांना आमच्या भागातलं उदाहरण द्या. १९७४ ला पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून परग्रहावर कुणी असलं तर त्यांच्यासाठी संदेश पाठवला होता, खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक आणि मंडळींनी. नुसते १,६७९ शून्य आणि एक. का १,६७९? कारण २३ गुणिले ७३, दोन्ही मूळ संख्या, म्हणजे चौकटीत मांडायला २३ आणि ७३ सोडून दुसरा मार्गच नाही. मांडलं की चित्र दिसतं, माणूस, सूर्यमाला, डीएनए. आता आमच्याकडं जेकार्डच्या चादरीची नक्षी कशी करतात? आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरायचं, मग त्यावरनं पुठ्ठ्याला भोकं पाडायची, भोक असलं की दोरा उचलतो, नसलं की नाही. मी माझ्या पुतणीला ते १,६७९ आकडे छापून दिले, बाकी काही सांगितलं नाही. तिने मोजलं, भाग लावून बघितलं, आधी ७३ रुंद आणि २३ उंच मांडलं तर नुसता गोंधळ दिसला, मग उलटं केलं आणि पेन्सिलीने घरं भरत बसली. मधल्या माणसापर्यंत आली आणि म्हणाली काका, हे तर आजोबांच्या कागदासारखं हाय की, हा पाय बघ. तिचे आजोबा शेजारी बसलेले, त्यांनी चष्मा लावून कागद जवळ घेतला आणि विचारलं, याची चादर करायची काय. कारखान्यातनं कधी आभाळाकडं न बघितलेला माणूस, पण तो संदेश त्याला वाचता आला.


शनिवारची_शाळा

हे मी येत्या शनिवारी करणारच. फाईल पाठवाल का?


निंबाळकर_वाडा

एक छोटी भर. दहा, नऊ, आठ अशी उलटी मोजणी आपण श्रीहरिकोट्याच्या प्रत्येक उड्डाणाला ऐकतो ती रॉकेटसाठी आधी पडद्यावर आली, १९२९ च्या एका जर्मन मूकपटात. दिग्दर्शक फ्रिट्झ लँग, आणि सल्लागार खुद्द रॉकेटशास्त्रज्ञ हर्मन ओबेर्थ. पुढे टीव्ही आल्यावर वॉल्ट डिस्नेंनी मार्च १९५५ मध्ये माणूस अंतराळात कसा जाईल यावर कार्यक्रम केला आणि त्यात समजावून सांगायला वेर्नर फॉन ब्राउन स्वतः उभे, ज्यांच्या सॅटर्न-५ रॉकेटने पुढे माणूस चंद्राकडे नेला. तेव्हा एकही उपग्रह वर गेलेला नव्हता. शास्त्रज्ञांनाच कळलं होतं की आधी लोकांच्या घरात शिरायला पाहिजे, पैसा नंतर मागता येतो.


अक्कलकोट_रोड

धागा वाचून एक जुनी गोष्ट विचारावीशी वाटली. आमच्याकडं शिवारात एकदा सकाळी तुरीच्या रानात एक मोठं पांढरं प्लास्टिक आणि पॅराशूट पडलेलं, त्याला डबा बांधलेला. आख्खं गाव गोळा. कोण म्हणतंय पाकिस्तानचं, कोण म्हणतंय वरनं दुसऱ्या ग्रहाचं यान पडलं. आमचे एक मास्तर आले, त्यांनी डब्याला कुणाला हात लावू दिला नाही, वाकून कागद वाचला, त्यावर हैदराबादचा पत्ता आणि फोन नंबर होता. मग ती माणसं जीप घेऊन आली आणि डबा घेऊन गेली, मास्तरांना हात जोडून गेली. मी तेव्हा सातवीत. तो फुगा नेमका कशाचा असतोय कुणी सांगेल का?


मृग_नक्षत्र

अक्कलकोट रोड, तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण या धाग्याची आपली खरी गोष्ट तिथेच आहे. जरा सविस्तर लिहितो.

हैदराबादला टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, बलून केंद्र आहे. तिथून हायड्रोजन भरलेले अतिशय पातळ पॉलिथिनचे प्रचंड फुगे सोडतात, ३० ते ४२ किमी उंचीपर्यंत. काम झालं की उपकरणाचा डबा पॅराशूटने खाली येतो, वाऱ्याने कुठेही वाहत जातो, त्यामुळे आंध्र-तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या ज्या जिल्ह्यांना ते आधीच सूचना देतात त्यात आपलं सोलापूर असतं. पेपरात छोटी बातमी येते, डबा उघडू नका, पोलिसांना कळवा.

आता मागे जाऊ. १९६१ मध्ये बीबीसीवर एक विज्ञानकथा मालिका लागली, ए फॉर अँड्रोमेडा. इंग्लंडमध्ये नवीन रेडिओ दुर्बीण बांधलीय, तिला अँड्रोमेडाच्या दिशेने सिग्नल मिळतो, आणि त्या सिग्नलमध्ये कॉम्प्युटर बांधायची कृती असते. लक्षात घ्या, ड्रेक यांनी परग्रहावरचे रेडिओ सिग्नल ऐकायचा पहिला प्रयत्न केला तो १९६० ला, म्हणजे मालिकेच्या फक्त एक वर्ष आधी, इतकं ताजं विज्ञान त्यात होतं. आणि ही गोष्ट रचणाऱ्या दोघांपैकी एक होते फ्रेड हॉइल, केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ, ताऱ्यांच्या पोटात कार्बन आणि पुढची मूलद्रव्यं कशी तयार होतात ते ज्यांच्या कामातून कळलं ते. त्याच सुमाराला त्यांच्या हाताखाली एक मराठी विद्यार्थी पीएचडी करत होता. जयंत नारळीकर.

नारळीकर सरांबद्दल इथे वेगळं सांगायला नको. पण गुरूने जे केलं तेच शिष्याने मराठीत केलं हे बघा. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी कृष्णविवरावरची कथा पाठवली, आणि आपल्या नावामुळे बक्षीस मिळायला नको म्हणून नाव घातलं नारायण विनायक जगताप, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस आलं. पुढे दूरदर्शनवर ब्रह्मांड ही मालिका केली. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. आणि त्याच माणसाने २००१ आणि २००५ ला हैदराबादहून फुगे सोडायच्या प्रयोगाचं नेतृत्व केलं. कशासाठी? तर वर ४१ किमीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणायची आणि त्यात सूक्ष्मजीव आहेत का बघायचं. जीवसृष्टीची बीजं अंतराळातून पृथ्वीवर येत असतील हा हॉइल यांचा आवडता विचार होता, जगाने तो फारसा मानला नाही, पण शिष्याने म्हटलं, वाद कशाला, हवा आणून बघू.

२००५ च्या नमुन्यात जिवाणू सापडले आणि त्यात तीन जाती विज्ञानाला आधी माहीत नसलेल्या निघाल्या, अतिनील किरणांना शेजारच्या जातींपेक्षा जास्त टिकणाऱ्या. एकाला आर्यभटांचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, आणि एकाला हॉइल यांचं, जानिबॅक्टर हॉइली. टीव्हीसाठी परग्रहाची गोष्ट लिहिणाऱ्या माणसाचं नाव स्थितांबरात सापडलेल्या जिवाणूला! तुमच्या तुरीच्या रानात पडलेला डबा त्याच प्रयोगाचा होता असं मी म्हणत नाही, फुगे वर्षानुवर्षं वेगवेगळ्या कामांसाठी उडतात, पण जागा तीच, केंद्र तेच.

सर मे २०२५ मध्ये गेले. त्यांच्या कथा वाचून विज्ञानाकडे वळलेले माझ्या ओळखीतच कितीतरी आहेत आणि मी पण त्यातला एक.


जुळे_सोलापूरकर

जबरदस्त प्रतिसाद. हॉइल मालिका लिहायचे हे माहीतच नव्हतं. फक्त पोरांसमोर एक वाक्य जोडाच, की हे जिवाणू बाहेरून आले असं सिद्ध झालेलं नाही, इस्रोने पण जाहीर करताना तसंच म्हटलं होतं. खालूनच वर गेले असतील ही शक्यता उरतेच.


मृग_नक्षत्र

शंभर टक्के मान्य. सरांनी पण कधी दावा ओढून नेला नाही, त्यांच्याकडून मी शिकलो ते हेच.


इंडीची_लेक

माझं माहेर विजापूर जिल्ह्यातलं, सोलापूरपासून जवळच. आई सांगते की १९७५-७६ ला तिच्या मामाच्या गावात सरकारने टीव्ही आणून ठेवला होता, संध्याकाळी चावडीपुढं सगळे जमायचे, आणि तो कार्यक्रम टॉवरवरून नाही, थेट उपग्रहावरून यायचा. नंतर मी वाचलं तर तो साइट प्रयोग, इस्रोने नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर वापरून सहा राज्यांत २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवलेला, कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा, रायचूर त्यात होते. आणि पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल हे १९४५ मध्ये लिहून ठेवलं होतं ते विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांनी. साइटच्या वेळी इस्रोने त्यांच्या कोलंबोच्या घरी अँटेना बसवून दिली होती. ज्याने लिहिलं त्याला ते आपल्या शास्त्रज्ञांनी घरी नेऊन दाखवलं, हे वाचून मला भरून आलं होतं.

शनिवारची शाळा ताई, मुलींना सिरीयल दाखवता ते थांबवू नका. मला लहानपणी असं काही दाखवणारं कुणी भेटलं नाही.


शनिवारची_शाळा

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. त्या वडिलांना मी येत्या शनिवारी बोलावलंय, पूर्वभागकरांचा चौकटींचा कागद आधी त्यांनाच देणार, मुलांना नंतर. मृग नक्षत्र सर, तुम्ही येऊन हॉइल ते नारळीकर ही गोष्ट सांगाल का, मुलं शांत ऐकतील याची जबाबदारी माझी. आणि स्कॉलरशिपचे पेपर पण सोडवून घेतेच आहे, ते सोडायचा प्रश्नच नाही.

एक विचारायचं राहिलं, नववीच्या मुलांसाठी इस्रोचं काहीतरी शिबिर असतं ना?


पूर्वभागकर

असतंय. युविका नाव हाय, युवा विज्ञानी कार्यक्रम, २०१९ पासनं. नववीत शिकणाऱ्यांसाठी, इस्रोच्या केंद्रांवर राहून शिकायला मिळतंय, अर्ज इस्रोच्या वेबसाइटवरच भरायचा. आठवीचे मार्क, विज्ञान प्रदर्शन, क्विझ असलं बघतात आणि ग्रामीण शाळांच्या मुलांना जादा गुण असतात. शाळेचं सर्टिफिकेट लागतंय, ते आधीच तयार ठेवा, ऐन वेळी मुख्याध्यापक रजेवर असले की अडकतंय. १,६७९ ची फाईल मेसेजमध्ये टाकली, कागद मोठा घ्या, ए-थ्री, नाहीतर घरं बारीक पडतात.


मृग_नक्षत्र

मॅडम येतो. वेळ आणि शाळेचा पत्ता मेसेज करा. कुणाकडे दूरदर्शनच्या ब्रह्मांडचे भाग जुन्या कॅसेटवर रेकॉर्ड केलेले असतील तर कळवा, कॅसेट खराब असली तरी चालेल, मशीन माझ्याकडे आहे, कॉपी करून मूळ कॅसेट परत देतो.